गुलालाचा पोत हरवू नये म्हणून : रॉ फाइल टिपावी कशी, धुवावी कशी, जपावी कशी

अनंत चतुर्दशीच्या दुपारी लालबागच्या गर्दीत उभं राहून मी पहिल्यांदा डिजिटल कॅमेऱ्यावर मिरवणूक टिपली, तेव्हा कॅमेरा जेपेगवर होता, म्हणजे फोटो तोच आतल्या आत तयार करून देत होता. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले आणि जीव खाली गेला. ढोल वाजवणाऱ्या पोरांचे डोळे, ताशाच्या काड्या, मूर्तीचा मुकुट, सगळं जिथल्या तिथे होतं. पण जिथे जिथे गुलाल होता तिथे लाल रंगाचा एक सपाट डाग दिसत होता. कपाळावरची पूड नाही, सदऱ्याच्या चुण्या नाहीत, हवेत उधळलेले कण नाहीत. पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यावर, साधारण तशाच उन्हात, रॉमध्ये टिपलं आणि गुलालाचा कण न् कण हाती आला. कॅमेरा तोच होता आणि लेन्सही तीच.

हा फरक का पडतो ते आधी सांगतो. मग कॅमेऱ्यातल्या मेन्यूपासून घरातल्या कपाटापर्यंत, मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने पुढे जाऊ.

गुलालाचं गणित

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला तेवढं कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एका रंगाची चिमुकली काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे त्याच मांडणीवर चालतात. चार बिंदूंच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात खऱ्या अर्थाने लाल मोजणारे बिंदू फक्त ६० लाख असतात. प्रत्येक बिंदूवरचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून हिशेबाने भरावे लागतात.

हा हिशेब करण्याआधीचे कच्चे आकडे म्हणजे रॉ फाइल. ती फोटो नव्हे. पूर्वी रोल टिपून झाला की धुवायला टाकायचो. रॉ म्हणजे तो न धुतलेला रोल, फक्त हा कितीही वेळा, दर वेळी वेगळ्या रीतीने धुता येतो.

आता गुलालाकडे येऊ. दिवसाच्या उजेडात सेन्सरचे हिरवे बिंदू लाल बिंदूंपेक्षा बरेच जास्त भरतात. पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा व्हाइट बॅलन्स करताना लाल आकड्यांना साधारण दुपटीच्या आसपास गुणतो. समजा, गुलालावर लाल बिंदू ६० टक्के भरला होता. दुप्पट केल्यावर तो १२० टक्के झाला. जेपेगला छत १०० टक्क्यांचं, त्यामुळे वरचं सगळं कापलं गेलं आणि त्या कापलेल्या भागातच गुलालाचा पोत होता. रॉमध्ये मात्र तो आकडा ६० टक्केच राहतो. संगणकावर एक्सपोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, थोडं खाली घेतलं की पोत जागेवर येतो. शिवाय उन्हातला गुलाल इतका गडद असतो की वेबवर चालणाऱ्या एसआरजीबी या रंगपेटीत तो पुरता मावतही नाही.

छटांचाही प्रश्न आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ छटा. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर ढग दाटून येतात तेव्हा राखाडीवर राखाडीचे थर असतात. त्या आकाशाचा कॉन्ट्रास्ट जेपेगमध्ये ओढून बघा, पट्टे उमटतात. रॉमध्ये ढग ढगच राहतात.

रॉ काय करत नाही, तेही इथेच सांगतो. चुकलेला फोकस ती जुळवत नाही. हललेला हात ती थांबवत नाही. आणि सेन्सरचा बिंदूच काठोकाठ भरला असेल, म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत पांढरं जळलं असेल, तर तिथे परत आणण्यासारखं काही शिल्लक नसतं.

एक्स्टेन्शनची बाराखडी

एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावाचं शेवटचं टोक, ते कंपनीगणिक वेगळं. निकॉनची फाइल एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीफिल्मची आरएएफ, ऑलिंपसची ओआरएफ, पॅनासॉनिकची आरडब्ल्यू२. कॅननची आधी सीआर२ होती, २०१८ पासून नव्या कॅमेऱ्यांत सीआर३ आली. यातल्या बहुतेकांचा सांगाडा टिफ या जुन्या फाइलप्रकारावर उभा आहे. सीआर३ चा सांगाडा मात्र एमपी४ व्हिडिओच्या घराण्यातला. आत कच्चे आकडे, कॅमेऱ्याची माहिती आणि एक तयार छोटं जेपेग असतं.

हे जेपेग लक्षात ठेवा, त्यामुळे फार गोंधळ होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे दिसतं ते हेच. पुष्कळ साधी ॲप्स रॉ ‘उघडतात’ म्हणजे हेच बाहेर काढून दाखवतात. ते पाहून ‘रॉ आणि जेपेगमध्ये काही फरक नाही’ असं ठरवणारे मला दर महिन्याला भेटतात.

कंपन्या आपापल्या फाइलची आतली रचना जाहीर करत नाहीत, हे मला आजही पटत नाही. फोटो आपण काढलेला, प्रसंग आपल्या घरचा, आणि तो उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. २००५ मध्ये निकॉनने काही कॅमेऱ्यांच्या फाइलमधली व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून टाकली, तेव्हा जगभरच्या छायाचित्रकारांनी आवाज उठवला होता. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, फोटोशॉपवाल्या अडोबीने डीएनजी हा उघड रचनेचा रॉ प्रकार आणला. लायका आणि पेंटॅक्सचे कॅमेरे थेट डीएनजी लिहितात. डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने १९९७ पासून एकेका कॅमेऱ्याची फाइल उलगडत डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज फुकट मिळणाऱ्या अनेक रॉ सॉफ्टवेअरच्या मुळाशी त्याचं काम आहे.

मागच्या दिवाळीत भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, “मामा, अरे फाइल उघडतच नाहीये, कार्ड खराब निघालं वाटतं!” कार्ड ठणठणीत होतं. त्याच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याच्या जन्माआधीचं होतं. असं झालं तर घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका आणि फाइलच्या नावापुढे जेपीजी लिहून बघू नका, त्याने आतला मजकूर बदलत नाही. आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करा. ते शक्य नसेल तर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या : कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. तिन्ही फुकट आहेत. तिसरा रस्ता अडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरचा. नवी फाइल डीएनजीत बदलली की अडोबीच्याच लाइटरूम या फोटो धुण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतही उघडते. भाच्याचं काम या तिसऱ्या रस्त्याने झालं.

पहिली पायरी : कॅमेरा लावून घेणं

मेन्यूत क्वालिटी रॉवर न्या. शिकण्याच्या काळात रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. कॅमेऱ्याने काय केलं आणि तुम्ही काय केलंत, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखा दुसरा गुरू नाही. हात बसला की जेपेग बंद करा, कार्डावर जागा मिळते.

पुढे कॉम्प्रेशनचा पर्याय येतो. २४ मेगापिक्सेल गुणिले १४ बिट म्हणजे ४२ एमबी, हा न दाबलेल्या फाइलचा हिशेब. लॉसलेस कॉम्प्रेशनमध्ये एकही आकडा न गमावता ती साधारण २० ते ३० एमबीत बसते. सोय असेल तर हाच पर्याय घ्या. कॅननचा सी-रॉ किंवा निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांतला हाय एफिशियन्सी यांत थोडी माहिती कायमची जाते. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत दाबलेली रॉ हीच एकमेव रॉ होती आणि काळ्या आकाशासमोरच्या दिव्यांच्या कडांना तिच्यात खुणा उमटायच्या. तक्रारी वाढल्यावर २०१५ मध्ये कंपनीने न दाबलेल्या रॉचा पर्याय दिला. लग्नाचे दोन-तीन हजार फोटो असतील तर मी सी-रॉ बिनदिक्कत वापरतो. मिरवणूक, आकाश, रात्र यांना लॉसलेस.

कार्ड किमान व्ही३० दर्जाचं, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहिणारं घ्या. ६४ जीबीच्या कार्डावर २५ एमबीच्या अडीच हजारांच्या आसपास फाइल मावतात. पथकाच्या वादनात एका दमात पन्नास फोटो मारले की कॅमेरा अडतो आणि बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती तात्पुरती जागा, रिकामा होईपर्यंत ढोलावरचा टोल निघून जातो. म्हणून दोन-तीन सेकंदांचे छोटे बार काढा.

पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेरा जेपेगला देतो तो रंगांचा साचा, न्यूट्रल ठेवा. रॉच्या आकड्यांवर तिचा परिणाम होत नाही, पण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधारापासून उजेडापर्यंत कुठे किती बिंदू आहेत ते दाखवणारा आलेख, त्या छोट्या जेपेगवरून काढलेला असतो. भडक स्टाइल ठेवली तर तो नसलेली जळजळ दाखवतो. आणि एकाच पांढऱ्या आलेखावर भागवू नका, तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. माझ्या त्या पहिल्या मिरवणुकीत एकत्रित आलेख अगदी निर्धोक दिसत होता, कारण उजेडाच्या हिशेबात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त असतं. लाल केव्हाच भिंतीला धडकला होता.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर न सोडता दिवसा सूर्याच्या चिन्हावर ठेवतो. रॉमध्ये तो नंतर बदलता येतोच, पण पाचशे फोटोंचा सुरुवातीचा रंग एकच असला की पुढचं काम निम्म्यावर येतं.

दुसरी पायरी : गर्दीत उभं राहून

दुपारच्या उन्हात लाल आलेखाचं टोक उजव्या भिंतीला नुसतं टेकेल एवढं एक्सपोजर घ्या. थोडं धडकलं तरी रॉमध्ये बहुधा वाचतं, वर सांगितलेल्या गुणाकारामुळे. पण ‘रॉ आहे, नंतर उजळवू’ म्हणून दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) अंधारात टिपण्याची सवय लावून घेऊ नका. सावलीत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो तो मुळात तिथे प्रकाशच कमी पोचला म्हणून. रॉ तो प्रकाश मागाहून आणू शकत नाही.

रात्री गिरगाव चौपाटीवर गोष्ट उलटते. पिवळ्या दिव्यांत लाल बिंदू आपोआप भरतात, निळे उपाशी राहतात आणि नॉइज निळ्यात आधी दिसतो. बल्बांच्या माळा जळू द्या, त्या वाचवायच्या नादात माणसांचे चेहरे आणि मागचा काळा समुद्र दोन्ही हातचे जातात.

एलईडी पडद्यांपुढे आणि रोषणाईखाली फोटोवर आडवे पट्टे आले, तर ते रॉमध्येही पुसता येत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरवर काही कॅमेरे गुपचूप १४ वरून १२ बिटवर उतरतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

तिसरी पायरी : कार्डातून संगणकात

फाइल ‘कॉपी’ करा, ‘मूव्ह’ करू नका. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत पोचली आणि दोन्हींकडून चार-पाच फाइल पूर्ण आकारात उघडून पाहिल्या, की मगच कार्ड फॉरमॅट करायचं, तेही कॅमेऱ्यात. रात्रभर जागून आल्यावर हे काम उद्यावर टाकावंसं वाटतं. मी एकदा टाकलं होतं आणि सकाळी तेच कार्ड कॅमेऱ्यात घालून, फॉरमॅट करून त्यावर नवं टिपलं. त्या पहाटेच्या निरोपाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

चौथी पायरी : धुणं

लाइटरूम महिन्याच्या भाड्याने मिळतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि ताकदीने कुठेही कमी नाहीत. शिकायला थोडे दिवस जास्त लागतात, एवढंच. साधन कुठलंही असो, क्रम सांभाळा.

आधी प्रोफाइल, म्हणजे रंग आणि कॉन्ट्रास्टचा सुरुवातीचा साचा, निवडा. न्यूट्रल किंवा फ्लॅटपासून सुरुवात केली की लाल रंग ताब्यात राहतो. लेन्सची दुरुस्ती चालू करा.

मग व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर, म्हणजे ‘हा भाग बिनरंगी धर’ असं सांगायचं साधन, घेऊन लोक हमखास पांढऱ्या सदऱ्यावर टिचकी मारतात आणि सगळा फोटो पिवळट होतो. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, साबणाच्या पावडरीतही चमक आणणारी द्रव्यं असतात, म्हणून तो सदरा खरा पांढरा नसून निळसर असतो. टिचकी मारायची तर सिमेंटच्या कठड्यावर किंवा रस्त्याच्या सुक्या राखाडी भागावर. एका बाजूने पिवळा हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूने जांभळी एलईडी असेल तर एकच आकडा दोघांना लागू होणार नाही. चेहऱ्यासाठी व्हाइट बॅलन्स लावा आणि बाकीचा भाग मास्कने, म्हणजे तेवढाच भाग निवडून, वेगळा सांभाळा. चेहऱ्यावर निव्वळ निळा झोत असेल तर लाल आकडे आलेलेच नसतात, तिथे त्वचेचा रंग शोधत बसू नका. असे फोटो मी कृष्णधवल करतो.

आता एक्सपोजर आणि गुलाल. अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या, हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, खाली ओढा, मग सावल्या हलक्या हाताने वर आणा. तरीही लाल सपाट वाटला तर फक्त लाल रंगाची उजळपणाची पट्टी थोडी कमी करा. पोत वर येताना डोळ्यांना दिसतो. सॅच्युरेशनला हात लावू नका. गुलालाला त्याची गरज नसते.

नॉइज, मग शार्पनिंग, मग क्रॉप. नॉइजच्या बाबतीत अलीकडे मोठा फरक पडला आहे. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डीनॉइज आलं आणि सुरुवातीला ते फक्त रॉ फाइलवरच चालायचं. माझ्या जुन्या, कमी ताकदीच्या कॅमेऱ्यावर रात्री टिपलेल्या रॉ फाइल मी त्यातून काढल्या. तेव्हा दाणेदार चिखल वाटलेल्या चेहऱ्यांवर आता घामाचे थेंब दिसतात. त्याच रात्रीची जेपेग जिथल्या तिथे आहेत.

बाहेर काढताना वेबसाठी एसआरजीबी, जेपेग, दर्जा ८५ ते ९०. छापायचा असेल तर हिशेब करा : १२ बाय १८ इंचाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३,६०० गुणिले ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, पण क्रॉपला फार जागा उरत नाही.

हे सगळे बदल रॉच्या आत लिहिले जात नाहीत. ते सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये राहतात. रॉ दुसऱ्या डिस्कवर हलवलीत आणि एक्सएमपी मागे राहिली, तर मेहनत मागे राहिली. जोडी नेहमी एकत्र हलवा.

डीएनजीत बदलायचं का?

डीएनजीची रचना उघड आहे, बदल तिच्या आतच राहतात, आणि आकडे शाबूत आहेत का हे तपासायची सोय तिच्यात आहे. उलट बाजू अशी की बदललेली डीएनजी कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या मूळ फाइल मी तशाच ठेवतो. ज्या कॅमेऱ्याची कंपनी बाजारातून गेली, त्याच्या फाइल मात्र डीएनजीत घेऊन ठेवल्या आहेत.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात : अँड्रॉइडमध्ये रॉ टिपायची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. आयफोन १२ प्रोपासून आलेलं प्रोरॉ १२ बिटचं आणि डीएनजी स्वरूपातलं आहे, पण रंग भरण्याचा हिशेब त्यात आधीच झालेला असतो. तरीही साध्या फोटोपेक्षा ते पुष्कळ जास्त सोसतं.

बातमीसाठी टिपणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातलंच जेपेग पाठवा. दुसरीकडे वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत मूळ रॉ तपासायला मागतात. दोन्ही दारं उघडी ठेवायची तर रॉ आणि जेपेग सोबत टिपणं बरं.

शेवटची पायरी : मुंबईच्या हवेत जपणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या ओळखीच्या एका तळमजल्यावरच्या घरात त्या रात्री टेबलाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पाणी चढलं. संगणक आणि बॅकअपची डिस्क, दोन्ही त्याच कप्प्यात होती. एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे पाण्यासाठी एकच प्रत. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. माझी तिसरी डिस्क पुण्याला बहिणीकडे असते आणि दर भाऊबीजेला तिची अदलाबदल होते.

हार्ड डिस्क लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा कुठूनही, पण जोडीने घेऊ नका. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच वेळी दगा देण्याची शक्यता जास्त असते. पावसाळ्याचे चार महिने डिस्क आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. बुरशी लेन्सच्या काचेवर बसते तशीच जोडणीच्या पिनांवर दमट हवेने गंज चढतो.

आणि डिस्क नुसती कपाटात ठेवून भागत नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की मी डिस्क जोडतो आणि प्रत्येक जुन्या वर्षाच्या फोल्डरमधून मनाला येतील त्या तीन रॉ फाइल पूर्ण आकारात उघडतो. छोटं जेपेग दिसलं म्हणून थांबत नाही, आतले आकडे उघडेपर्यंत वाट बघतो. एखादी अडली, तर त्याच संध्याकाळी तो सगळा फोल्डर दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा भरून घेतो आणि अडलेल्या डिस्कवर लाल चिकटपट्टी लावून तिला बाजूला काढतो.